हाक मारणाऱ्या शैलाताई

शैलाताई कधी बेल वाजवत नसत. जर्मनीतल्या बोब्लिंगेनमधल्या आमच्या इमारतीच्या अंगणात उभ्या राहायच्या, मान वर करायच्या आणि खणखणीत आवाजात "वर्षाऽऽ" म्हणून हाक घालायच्या. तीही रविवारी, जेव्हा इथे आवाज होईल म्हणून काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकायलासुद्धा लोक घाबरतात. तळमजल्यावरच्या आजींनी मला दोनदा रूहेत्साइटची, म्हणजे शांततेच्या वेळेची, आठवण करून दिली. मी ताईंना म्हटलं, अहो, बेलवर माझं नाव लिहिलंय की. त्यावर त्या म्हणाल्या, "नाव असतं गं. आत माणूस आहे की नाही, ते हाकेला कळतं."

मला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता. शेजारच्याच जिन्यात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या, मृण्मयीच्या, त्या आई. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आल्या होत्या, पण अख्खं ऑफिस कानाला लावून. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी पारध्यांचे फौजदारी खटले चालवणाऱ्या चार वकिलांच्या त्या प्रमुख. कुठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, आणि ताईंची तीस वर्षं त्या गाडीच्या मागे धावण्यात गेली होती. सकाळी सहाला मी पोळ्या लाटायला घेतल्या की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. जर्मनीत येऊन त्या एकच शब्द शिकल्या, गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि तोही ज्युनिअरांना झापताना वापरायच्या.

हाकेचा अर्थ त्यांनीच एकदा शेंगा सोलता सोलता सांगितला. माणूस उचलून नेला की ठाण्यात पुष्कळदा नोंदच करत नाहीत. वकील जाऊन विचारतो, हवालदार रजिस्टर दाखवतो, त्यात नाव नाही, वकील परत येतो. म्हणून ताईंच्या टीमचा नियम असा की टेबलाशी विचारायचंच नाही. घरच्या बाईला सोबत न्यायचं, तिने आवारात उभं राहून नवऱ्याला त्याच्या घरातल्या नावाने हाक मारायची. आत असला तर तो ओ देतो, आणि चारचौघांत ओ दिलेल्या माणसाला नाहीसा करणं अवघड जातं. मात्र हाक मारणाऱ्यांनाच आत घेऊ नये म्हणून ताई आधी वरच्या साहेबांना स्वतः फोन करायच्या. त्या फोनशिवाय कोणी हाक मारायची नाही. "कागदाचं काय घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या, "तो जिवंत माणसाला गैरहजर ठरवतो." शेंगा सोलणारे त्यांचे हात मात्र थांबले नव्हते.

मृण्मयीचं डोहाळजेवण आम्ही रविवारी दुपारी केलं. सकाळपासून ताईंचा फोन वाजत होता आणि मृण्मयीचं तोंड उतरत चाललं होतं. आई आलीये, पण माझ्यासाठी कुठे आलीये, असं ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. मला भरून आलं. मी ताईंपुढे हात केला आणि म्हटलं, ताई, दोन घास होईपर्यंत तरी लेकीच्या आई व्हा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि फोन दिला. मी त्याचा आवाज बंद करून तो ओट्याखालच्या चमच्यांच्या खणात ठेवला. ओटी भरली, बर्फी की पेढा ते झालं, फोटो झाले. ताई हसत होत्या, पण त्यांची नजर सारखी ओट्याकडे जात होती. आणि मला, देवा शपथ सांगते, त्याची गंमत वाटत होती.

खण उघडला तेव्हा ज्युनिअर वकील दत्ताचे अकरा मिस्ड कॉल होते. भिवा नावाच्या माणसाला पालावरून नेलं होतं. दत्ता आणि भिवाची बायको सुंद्री ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर ताईंच्या फोनची वाट बघत बसले होते. ताईंनी उभ्या उभ्या साहेबांना फोन लावला, मग दत्ताला म्हणाल्या, "जा आता." फोन ओट्यावर, स्पीकरवर. आमच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात सुंद्रीची हाक आली. कोणी ओ दिली नाही. "पुन्हा," ताई म्हणाल्या. तिने पुन्हा हाक मारली. मृण्मयी हिरव्या साडीत दारात उभी होती. मग आतून कुठूनतरी एका दुसऱ्याच माणसाचा आवाज आला, की भिवाला मघाशीच गाडीत घालून नेलं, त्याला चालता येत नव्हतं. ताईंनी डोळे मिटले आणि दत्ताला त्या ओ देणाऱ्याचं नाव विचारायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिवाचं प्रेत सरकारी दवाखान्यात सापडलं, बेवारस म्हणून.

ताईंनी त्याच संध्याकाळचं विमान धरलं. मृण्मयीला नववा लागला होता. ती अडवायला गेली नाही, नुसती आईच्या बॅगेत लाडूचा डबा कोंबत राहिली. मी ताईंना श्टुटगार्टच्या विमानतळावर सोडायला निघाले आणि एस-बानच्या लोकलमध्ये मला रडू फुटलं. खरं सांगायचं तर त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छा होती, की वर्षा, तुझी काही चूक नाही. त्यांनी आधी बॅग पायाशी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "तुझी चूक नाही, असं मी म्हणणार नाही. फोन मी दिला, ती माझी. ठेवलास तू, ती तुझी. आता रडून झालं की कोर्टासाठी लिहून दे."

ठाण्याचं म्हणणं होतं की भिवाला त्यांनी आणलंच नव्हतं, त्याचं नाव त्यांनी प्रेत सापडल्यावरच ऐकलं. दत्ताचा पहिला कॉल आदल्या दुपारचा होता, म्हणजे भिवाला त्याआधीच नेलं होतं; पण तो कॉल उचलला का गेला नाही, फोन तेव्हा कुठे, कोणाकडे होता हे सांगायला माणूस हवा होता. मी रात्रभर जागून मसुदा केला, चांगल्या भाषेत. "घरगुती समारंभामुळे फोन थोडा वेळ बाजूला ठेवण्यात आला होता." सही करण्याआधी ताईंना पाठवला. तोवर मृण्मयीला मुलगी झाली होती आणि ताईंनी नात कोर्टाच्या पायरीवर बसून फोनमध्ये पाहिली होती.

त्यांचं उत्तर तासाभरात आलं. माझ्या त्या वाक्याखाली त्यांनी दोनच प्रश्न लिहिले होते: "थोडा म्हणजे किती? ठेवला कोणी?"

मी नवा कागद घेतला. दोन तास सात मिनिटं, असं लिहिलं, आणि त्यापुढे माझं पूर्ण नाव.