येसूआत्याचं नाक

नवी नवरी आली की लोक तिचं तोंड बघतात. माझ्या नशिबी ते नव्हतं. पोखर्णीहून निघालेली आमची गाडी सासरच्या शिवेवर आली आणि डोक्यावर पदर घेतलेली एक उंच, काटकुळी बाई आडवी आली. मला वाटलं, ओवाळायला आली असेल, म्हणून मी मान खाली घालून बसले. बाई सरळ बैलांकडे गेली. एकाची वेसण धरली, त्याच्या तोंडाला नाक लावून जोरात हुंगलं. मग दुसऱ्याला हुंगलं. "वाटंत कुटं चरायला सोडले व्हते का?" तिनं गाडीवानाला विचारलं. "न्हाई बाई, वैरण संगंच व्हती," तो बिचारा गडबडून म्हणाला. तेव्हा कुठे तिनं माझ्याकडे नजर टाकली. "हां, मंग येऊ द्या नवरीला." बैल पास झाले म्हणून मी पास झाले!

ही येसूआत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. सासरे गावचे पाटील, मी त्यांना मामंजी म्हणायची. गाव आत्याला आक्का म्हणे, आणि तोंडावर आक्का म्हणणारेच पाठीमागं तिला काय काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. कारण एकच, गावाचं सामाईक कुरण. त्याची राखण तिला कुणी सोपवली नव्हती, तिनंच ती घेतली होती. आषाढ लागला की कुरण बंद व्हायचं ते दिवाळीच्या पाडव्याला उघडायचं. माझं लग्न आषाढातल्या शेवटच्या मुहूर्ताचं, म्हणून तर आमच्या बैलांची झडती झाली. पाडव्याला पहिला विळा पाटलाचा, मग घरोघरची वाटणी. मधल्या दिवसांत कुणाचं जनावर आत शिरलं तर त्या घरानं बोराटीच्या काट्या तोडायच्या, डोक्यावर वाहून आणायच्या आणि कुंपण बुजवायचं. तेही भर सकाळी, सगळ्या गावादेखत.

चोरी पकडायला आत्याचं नाक पुरेसं होतं. त्या कुरणात तिखाडी नावाचं गवत माजायचं. चुरडलं की उग्र, गोडसर वास सुटतो, आणि जनावरानं खाल्लं की तो त्याच्या तोंडाला राहतो. कुरणाबाहेर ही तिखाडी औषधालाही उरली नव्हती, गुरांनी केव्हाच मुळासकट संपवली होती. म्हणून सकाळी गुरं पाण्यावर निघाली की आत्या वेशीत उभी, आणि येईल त्या जनावराचं तोंड हुंगायची. कुणाच्या घरी गेली तर दूधही तळहातावर घेऊन हुंगायची. बायका म्हणायच्या, "आक्का, आमी चोर हाव का?" आत्या म्हणायची, "तुमी न्हाई गं, तुमची म्हैस."

आणि पाडव्याच्या आधी विळा का नाही, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "बी झडायचंय अजून. बाळंत व्हायच्या आधी कुनी बाईला घराभाईर काढतंय का? गवताला बी लेकरंबाळं हायेत बाबा." कापतानाही मूठभर बुडखा ठेवायला लावायची. "समदं खाल्लं तर पुढल्या साली काय माती खातू?" असं म्हणून स्वतःच हसायची.

तो काळ निजामाचा. महसुलाचा अंमलदार, म्हणजे गिरदावर, घोड्यावर बसून दौऱ्याला यायचा आणि पाटलाच्या ओसरीवर मुक्काम ठोकायचा. एकदा साहेब चहा घेत होते आणि आत्यानं अंगणात जाऊन त्यांच्या घोड्याचं तोंड हुंगलं. साहेब चकित. "पाटील, ये बाई मेरे घोडे का मूँ कायकू सूंगती जी?" मामंजींना घाम फुटला. ते काही सारवासारव करणार, तोच आत्या दारातून म्हणाली, "सायेब, तुमचा घोडा चोर हाय. कुरणात शिरून आलाय." मी माजघरात तोंडावर पदर दाबून बसले, म्हटलं आता झाली पाटीलकी! पण माणूस रसिक निघाला. खदखदा हसला आणि आपल्या चपराशालाच काट्या वाहायला धाडलं. जाताना मामंजींना म्हणाला, "तुमारे गाँव में दो सरकारां हैं जी." सरकारच्या घोड्याला सुटका नाही म्हटल्यावर कुरबुर करायला जागाच उरली नाही.

अशी दोन-तीन सालं बरी गेली. मग एक साल असं आलं की मघा कोरड्या, पूर्वा कोरड्या, दोन्ही नक्षत्रांत पावसाचा थेंब नाही. ज्वारीचा भरवसा उरला नाही, कडबा कुठून येणार? गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मारुतीच्या पारावर लोक जमले आणि म्हणाले, कुरण आत्ताच खोला. आत्या पाराच्या कडेला उभी होती. "आत्ता वल्लं कापलं तर म्हैनाभर पुरंल," ती म्हणाली. "बी झडूस्तर कळ काढली तर जनावर मिरगापातूर जगंल, आन् पुढल्या साली कुरण बी ऱ्हाईल. बघा बाबांनो." मामंजींनी तिच्या बाजूनं कौल दिला, पण लोक धुसफुसतच घरी गेले. आता कुणी एकानं कुंपण मोडलं असतं तर मागोमाग सगळं गाव आत शिरलं असतं.

पुढं चार-सहा दिवसांनी मी माळवदावर, म्हणजे आमच्या घराच्या मातीच्या छतावर, मिरच्या पसरत होते. तिथून वेस दिसते. आत्या उभी होती. मेंढ्या राखणारा म्हाळू आपल्या मेंढ्या घेऊन चालला होता. त्याच्या मेंढ्या मागच्या आठवड्यात कुरणात सापडल्या होत्या, आणि काट्यांनी त्याचं डोकं अजून हुळहुळत होतं. मागून मामंजी स्वतः बैल घेऊन आले. म्हाळू मोठ्यानं म्हणाला, "आक्का, आज पाटलाच्या बैलाचं तोंड बी हुंगा की!" लोक हसले. आत्याही हसली. "का भेतीय व्हय?" म्हणून तिनं राघ्याला जवळ ओढलं. राघ्या तिचा लाडका. त्याची आई गेली तेव्हा तिनंच त्याला बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. तिनं हुंगलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. मला ते वरून दिसलं. भावाच्या घरी राहणारी, भावाची भाकर खाणारी बाई. एक 'न्हाई' म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं?

"पाटील, वास येतोय," ती म्हणाली. घरात ती त्यांना गणपत म्हणायची.

"आक्का, तुझं नाक चुकलं आसंल," मामंजी हळूच म्हणाले.

"चुकलं म्हना की. मंग आजपातूर ज्यानं ज्यानं काट्या वाहिल्या, त्याच्या दारात जाऊन माफी मागूया. आधी म्हाळूच्या."

राघ्याच्या बरगड्या बघवेनात म्हणून पहाटे त्यांनीच त्याला कुरणात नेलं होतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं. आत्यानं पदर खोचला, घरातून कोयता घेतला आणि बोराटीकडे चालू लागली. सासूबाई दारातून ओरडल्या, "अवो वन्सं, तुमी कशाला?" आत्या मागं न बघता म्हणाली, "दंड घराला हाय. मी काय भाईरची हाय का?"

ती काट्यांचा भारा डोक्यावर घेऊन परतली तेव्हा सगळं गाव वेशीत गोळा झालं होतं. हसायची कुणाची छाती नव्हती. मामंजींनी डोक्याचा पटका सोडला, त्याची चुंबळ केली आणि आत्यानं बोराटीपाशी बांधून ठेवलेल्या भाऱ्यांतला एक स्वतःच्या डोक्यावर घेतला. पुढं बहीण, मागं भाऊ. मला इतका अभिमान वाटला आणि इतकं रडू आलं की मिरच्यांचे हात डोळ्यांना लावून बसले, मग काय विचारता! थोड्या वेळानं म्हाळूही एक भारा उचलून त्यांच्या मागं गेला.

संध्याकाळी मामंजी ओसरीवर मान खाली घालून बसलेले, आणि आत्या सुईनं त्यांच्या टाळूतला काटा काढायलेली. "हालू नगंस गणपत. ल्हानपणी बी आसाच बोंबलायचास." "आगं पर हळू काढ की आक्का!" दोघं हसत होते. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू.

त्या साली कुरण पाडव्यालाच उघडलं. वालूरच्या बाजारात आसपासच्या गावांची गुरं हाडंकातडं होऊन विकायला उभी होती. आमच्या गावचा एकही बैल तिथं गेला नाही. पहिला विळा मामंजींनी आत्याच्या हातात दिला. विधवा बाईला हा मान कशाला, म्हणून दोघं-तिघं कुजबुजले. आत्यानं एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि म्हणाली, "झडलं बी. लागा आता." राघ्यानं पुढं कितीतरी पाऊसकाळ बघितले.

आत्या गेली ती भादव्यात, राज्य बदलायच्या आदल्या साली. दोन दिवसांचा ताप, बस्स. मसणवटा ओढ्यापलीकडे, आणि जवळची वाट सरळ कुरणातून. बायकांनी तिकडे जायची रीत नव्हती, म्हणून मी माळवदावर चढले. मामंजी मडकं धरून पुढं होते, म्हाळूनं तिरडीला खांदा दिला होता. कुरणापाशी मंडळी थांबली. कुणीतरी वाट करायला कुंपणाची काटी बाजूला ओढली. मामंजींनी मान हलवली, ती काटी परत जागेवर लावली आणि बांधावरून वळले. तिरडी सगळ्या कुरणाला वळसा घालून गेली. लांबची वाट, वर ऊन, पण कुणी एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही.

बी अजून झडलं नव्हतं.