भांडवली बसची आठ अक्षरं

मला राग लवकर येतो, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी मुलांना कविता शिकवते. एरवी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. अभ्यासिकेतल्या नववीच्या एका मुलीची कविता शाळेच्या हस्तलिखितातून परत आली. वर लाल शेरा: ‘मले’ अशुद्ध, छंद मोडला. हस्तलिखित दुसऱ्या दिवशी बांधणीला जाणार होतं. तिची कविता तेवढी बाहेर!

मग काय, मुलीला घेतलं आणि थेट शिक्षकांच्या खोलीत.

“प्रमाणभाषेची दादागिरी चालणार नाही!” मी दारातूनच सुरू केलं.

मराठीचे सर चहा पीत होते. “बसा. आधी मोजू.”

कविता अभंगाच्या छंदात होती. हा छंद मला आवडतो, कारण त्यात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. नुसती अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. सरांनी बोटांवर मोजायला घेतलं.

बाप म्हणे मले,
ड्युटीवेळ झाली,
भांडवली बस आली,
डबा दे वं.

पहिल्या चरणात सहा. दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात आठ.

“हे कोणी केलं?”

मुलगी पंख्याकडे बघत बसली. तिने ‘बस दारी आली’ असंच लिहिलं होतं. सुधारणा माझी. अर्थाला धार यावी म्हणून.

“मी,” मी म्हटलं.

“मी तवाच म्हटलं होतं, ताई,” मुलगी फिस्सकन हसली. “बाबाची हिंगण्याच्या कंपनीची बस तर निळी हाये. भांडवली कशी असते?”

‘दारी’ परत आली. सहा भरली. मी तरी हटले नाही. “छंद जुळला ना? मग ‘मले’ काहून खुपतं? दोनच तर अक्षरं आहेत.”

“‘मला’मध्येही दोनच,” सर म्हणाले. “मग बदलायला काय हरकत?”

झालं. याच्यावर एखादी घोषणा सापडते का, म्हणून मी पिशवीतली पत्रकं चाळायला लागले.

मुलगीच बोलली. “सर, ‘मला’ लिहिलं तर बाबा वाचून म्हनतील, ही कोनाची पोरगी हाये?”

सर इतके हसले की चहा बशीत सांडला. त्यांनी लाल शेरा खोडला आणि हस्तलिखिताचं कोरं पान तिच्यापुढे सरकवलं. “लिही. ‘मले’च लिही. खाली अजून एक कडवं बसेल.”

मी लगेच पेन उघडलं. दुसरं कडवं डोक्यात तयारच होतं, चांगलं जळजळीत.

तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

“तुम्ही नुसतं मोजा, ताई.”

मी मुकाट बोटं पुढे केली.