पाण्याकडचं दार

धुरपदाबाई धरणावर आली ती विसाव्या वर्षी, डोक्यावर मातीची पाटी घेऊन. धरण बांधून झालं, मुकादम गेले, पण मजुरांची सव्वीस घरं पाण्याभोवती तशीच राहिली. कुठल्याच ग्रामपंचायतीत ती धरलेली नव्हती. सरपंच नाही, तलाठी नाही, वस्तीला धड नावही नाही. नियम मात्र एक होता आणि तो सगळे पाळत. संक्रांतीनंतर पाणी मागे हटू लागलं की ज्याच्या दारासमोर जेवढा गाळ उघडा पडेल, तेवढा पट्टा त्याचा. तिथे टरबुजं लावायची. नवरा गेल्यावर त्याच गाळावर धुरपदाबाईने लीलाधरला वाढवलं, चाळीसगावला शिकायला ठेवलं.

लीलाधर आता तिथेच एका गॅरेजात होता. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीत त्याने आईची कुडाची झोपडी पाडून विटांचं घर बांधलं. सागाची चौकट एसटीच्या टपावरून आणली आणि दार ठेवलं रस्त्याकडे. "पाहुणे समोरून येतील, आई." दहा वर्षं बाहेर राहून तो नियम विसरूनच गेला होता. चौकट उभी राहताना धुरपदाबाई सांगायला पुढे झाली. पण पोराचं फुललेलं तोंड बघून तिने जीभ आवरली.

संक्रांत झाली. लीलाधर सुट्टी काढून आला होता. वस्तीतले सगळ्यात वडील तोताराम नाना पट्टे आखायला प्रत्येक दाराशी दोराचं एक टोक धरत, दुसरं कुणीतरी सरळ पाण्यापर्यंत नेई. धुरपदाबाईच्या घरामागे येऊन ते थांबले. समोर नुसती भिंत आणि कोपऱ्यात न्हाणीच्या हातभर रुंद फटीला लावलेला पत्रा.

"धुरपदा, तुनं दार कोठे शे?"

"रस्ताकडे, नाना."

"मंग टरबूज रस्तावर लावजो, अक्का," शेजारचा चिंधा म्हणाला. दार नाही तर पट्टा नाही. निम्मा चिंधाला जाणार, निम्मा पलीकडच्या बेबाबाईला. लीलाधरच्या ध्यानात आता आलं. त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात बेबाबाईच पुढे झाली. वीस वर्षांत या दोघींचं एक दिवस पटलं नव्हतं.

"नाना, ही रोज खरकटं पानी कोठून फेकस, माले इचारा." तिने पत्र्याकडे बोट केलं. "तठून. मना अंगनमा येस ते. बाई जठून खरकटं फेकस, तेच तिनं दार."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. नानांनी पत्रा ढकलला, बादली ओलांडली आणि दोर न्हाणीच्या खुंटीला बांधला. चिंधा काहीतरी पुटपुटला, पण दोर सुटला नाही. धुरपदाबाई तिथेच खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिला पुरता श्वास आला.

"माझं चुकलंच, आई."

"काय चुकनं रे? पाहुना तिकडून येतीन, मी इकडून जासू."

जाताना बेबाबाई म्हणाली, "उपकार नको मानू. पानी तेवढं बंद कर."

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई पदरात बी बांधून, अंग चोरत न्हाणीतून गाळात उतरली. आणि संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर खरकटं पाणी तिने पहिल्यांदाच चिंधाच्या बाजूला फेकलं.