पाखडाचं बी खाणारी अळी

बांधावर बसून मी पाखडाच्या लोंब्या चोळत होतो; बायको खाली चिखलात वाकून पाखड उपटत होती. पाखड म्हणजे भातासारखंच दिसणारं, भाताच्या खतावर माजणारं तण. दहा लोंब्या पाहिल्या, तर सहांमधलं बी पोखरलेलं निघालं. एकीत बारीकशी अळी अजून खात होती. तिचेच फिकट पतंग शेतात उडत होते. भाताला मात्र कुठे दात लागलेला नव्हता.

तेवढ्यात धाकटा भाऊ पाठीवर पंप घेऊन आला. पतंग पाहून त्याला खोडकिड्याची शंका आली होती.

"वहिनी, वर या, फवारायचंय."

"थांब रे," मी म्हणालो, "ही अळी तणाचं बी खाते."

"दादा, अळी ती अळी. आज तण खाते, उद्या भाताला लागेल. किडीची बाजू काय घेतोस?"

चिखलातून वर येत बायको म्हणाली, "भावोजी, पिकलेलं बी उपटतानाच गळतं. ती खाते तेवढं तरी खाऊ द्या."

"तुम्ही आहात ना उपटायला!" तो हसला आणि पंप मारू लागला.

जे तण उगवलंच नाही, ते कुणाला कसं दाखवायचं? उडणारा पतंग तेवढा सगळ्यांना दिसतो, आणि माणूस दिसतं त्यालाच मारतो. एकेक पतंग पाण्यात पडत होता.

"किती बी वाचलं असेल आता?" मी पुटपुटलो.

"तुम्ही नका मोजू," चिखलाचे हात गवताला पुसत बायको म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात माझी कंबर मोजेल."