आमच्या घरचे पापड

कंपनीत माझं काम वेळ मोजण्याचं होतं. कामगाराला एक नग करायला किती वेळ लागतो हे मी स्टॉपवॉच लावून बघायचो आणि त्यावरून पाळीत किती नग निघायला हवेत ते ठरायचं. हत्यार बदलायला, पाणी प्यायला, दम खायला लागणारा वेळ मी त्यात धरत असे, आणि जरा सैलच धरत असे. माझे वडील हमाल होते. माणूस दमतो म्हणजे काय, ते मी घरात बघितलं होतं. पण हे कारखान्यात कुणाला सांगत बसणार? मी लेथजवळ उभा राहिलो की कुठून तरी शीळ यायची आणि सगळ्या रांगेचे हात जड व्हायचे.

“राव, लघवीला किती सेकंद धरलेत?” कुणीतरी मोठ्याने विचारायचा.

“भावा, हसू नकोस. हसण्याचेसुद्धा कापतील.”

मीही हसायचो. कंपनीतलं कंपनीत ठेवून घरी यायचं, असं मला वाटे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास आम्ही चिंचवडला एका बैठ्या चाळीत राहत होतो. मधे अंगण, अंगणात एक नळ. शेजारच्या खोलीतले टर्नर आमच्याच कंपनीत होते. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. माझी बायको भिंतीवर लाटण्याने ठोकायची आणि पलीकडून वहिनींचा आवाज यायचा, “आले गं!” बायको कऱ्हाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिला इथे ओळखीचं कुणीच नव्हतं. जे गोत जमलं ते या अंगणात.

उन्हाळ्यात पापड एकमेकींकडे आळीपाळीने होत. जिच्या घरचे पापड, तिने आदल्या दिवशी उडदाचं पीठ भिजवायचं, सकाळी कुटून लाट्या करायच्या आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. बोलावणं करायची पद्धत नव्हती. माझ्या बायकोचा हात सगळ्यांत चांगला. तिचा पापड उन्हाकडे धरला की पलीकडचं माणूस दिसतं, असं त्या म्हणत.

त्या वर्षी शेजारच्या वहिनींचे पापड आमच्या आदल्या दिवशी होते. मी पहिल्या पाळीहून परतलो तेव्हा अंगणात सगळ्या लाटत बसल्या होत्या. नळाला पाणी यायची वेळ होत आली होती. हंडे लावायला हवेत म्हणून मी दारात थांबून मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“अगं बाई, हात चालवा!” एकजण म्हणाली. “भावजींनी घड्याळ लावलं.”

सगळ्या हसल्या, माझी बायकोही. शेजारच्या वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांच्या नवऱ्याच्या मशीनवरचं काम मी मोजलं होतं आणि तिथे पाळीत काढायचे नग वाढले होते.

“हसताय काय?” त्या लाटता लाटता म्हणाल्या. “आमच्या माणसाला डबा खायला सवड न्हाई यांच्या घड्याळापायी. आता हितं अंगणात बी नजर.”

“वहिनी, मी नळाची वेळ बघितली.”

“व्हय, तुमी कायतरी बघनारच. कामच हाय तुमचं.”

माझी बायको खाली मान घालून लाटत राहिली. वहिनींचे सगळे पापड पुरे करूनच ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, माझी सुट्टी. तिने पहाटे उठून पीठ कुटलं, लाट्या केल्या, अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरलं, चहाचं आधण तयार ठेवलं आणि पोळपाट घेऊन बसली. ऊन अंगणात आलं. सगळी दारं उघडी होती, माणसं आत-बाहेर करत होती. आमच्याकडे कुणी आलं नाही.

ती उठली आणि भिंतीवर लाटणं ठोकलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. तिने पुन्हा ठोकलं.

“मी बोलावून आणतो,” मी म्हणालो.

“नको. तुम्ही गेलात तर मुळीच येणार नाहीत.”

ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं. घड्याळ मी सकाळीच काढून फडताळात ठेवलं होतं. ते कुणाला कळणार होतं? मी दुसरं पोळपाट घेऊन तिच्यासमोर बसलो. माझे पापड भाकरीएवढे जाड होत होते. ती ते उचलायची, पुन्हा गोळा करायची आणि नीट लाटायची. फडकं वाळलं की भिजवायची. संध्याकाळी उरलेल्या लाट्या कडक होऊन चिरल्या. त्या तिने बादलीत टाकल्या आणि हात धुतले. त्यानंतर तिने ती भिंत कधी ठोकली नाही.

पुढे आम्ही आकुर्डीला राहायला गेलो. माझं काम तेच राहिलं; ती मात्र “हे ऑफिसात असतात” एवढंच सांगायची. पहिल्याच उन्हाळ्यात समोरच्या बाई दारात आल्या.

“उद्या आमच्याकडे पापड आहेत, ताई. येणार ना?”

मी आत वर्तमानपत्र वाचत होतो.

“मला नाही हो लाटता येत,” माझी बायको म्हणाली.

“अहो, मग शिकवू की आम्ही!”

“नको. माझा हातच बसत नाही त्यावर.”

तेव्हापासून आमच्याकडे पापड दुकानातून येतात. त्यात एखादा पातळ निघाला तर ती तो खिडकीशी उन्हाकडे धरून बघते, मग तेलात सोडते.