नवख्यानं चटईवर काय ठेवू नये

ही हकिकत मी कित्येक वर्षं टाळली. नातवंडांना तीन पत्ती शिकवताना तेवढा भाग गाळून बाकी सगळं सांगत आलो. आता तोही लिहून टाकतो.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको माहेरी, देऊळघाटला गेली. तिचा थोरला भाऊ मुराळी म्हणून तिला न्यायला आमच्या दुसरबीडला आला होता. परत आणायला मी गेलो. अखाजीला आमच्याकडे उघड पत्ते खेळतात, आणि नवा जावई आयताच सापडतो. सासऱ्यांनी पैसे लावू दिले नाहीत, म्हणून चिंचोके वाटून घेतले.

हा साळा मुरलेला खेळाडू. मी पत्ते उचलून तीन-तीनदा बघायचो.

"जवाईबुवा, पत्ते पाहून राह्यले का पोरगी पाहून राह्यले?"

अंगण हसलं. मी पत्ते टाकले. थोड्या वेळानं माझे चिंचोके संपले, तर तो म्हणाला, "घड्याळ हाये ना!" लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मी रागाच्या भरात काढून ठेवलं, आणि हरलो. सासरे त्याला परत दे म्हणाले. मीच नको म्हटलं. वर्षभर तो ते बांधून चिखलीच्या बाजारात हिंडला. कोणी वेळ विचारली की मनगट पुढं करायचा, "घड्याळ जवायाचं, टाइम माहा." हे माझ्या कानावर येईल याचीही तजवीज तोच करायचा.

मग मी शिकलो. दुसरबीडला रस्त्याकडेला ट्रक थांबत, जेवणं झाली की ड्रायव्हर खाटेवर डाव मांडत. मळ्यातली वांगी उतरवून मी त्यांच्यात बसायचो. तिथं मिळालेलं आजही नवख्याला सांगतो. पत्ते एकदा बघावेत आणि पालथे ठेवावेत. मुरलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघू नये, ते त्यानं आधीच तयार केलेलं असतं, हात बघावेत. समोरच्याकडे काय आहे या नुसत्या उत्सुकतेपायी शो मागू नये, नवखा तिथंच बुडतो.

हात आठवता आठवता एक दिवस मला साळ्याची सवय सापडली. चांगले पत्ते आले की तो गप्प बसून तंबाखू मळायचा. हातात काही नसलं की बोलायचा. म्हणजे पोरगी पाहण्याचा विनोद केला तेव्हा त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

पुढच्या अखाजीला अंगणात तीच चटई. मी मुद्दाम गेल्या वर्षीसारखाच बावळट बसलो, पत्ते तीनदा बघितले. शेवटच्या डावात माझ्याकडे नुसती नव्व्यांची जोडी होती. तंबाखूची डबी त्याच्या मांडीशी न उघडताच पडून होती, आणि तो बोलत होता.

"पाहा, पाहा अजून! चष्मा देऊ का?" त्यानं घड्याळ सोडून चटईवर ठेवलं.

"घड्याळ नको, भाऊ."

"मंग काय पायजे?"

"मी जिंकलो तर पुढच्या अखाजीला तुम्ही बहिणीला न्यायला यायचं नाही."

"अन् हरले तं?"

"तर या सगळ्यांसमोर तुमचे जोडे डोक्यावर घेईन."

जावयाच्या तोंडून असं ऐकून लोक ओरडायलाच लागले. त्याला मागं हटता येईना. "हाव, मंजूर!" लिंबाच्या झोक्यावर बायको होती. तिला कोणी विचारलं नाही.

पत्ते उघडले. त्याच्या हातात एक राजा सोडला तर काहीच नव्हतं, माझी जोडी जिंकली. त्याचं तोंड उतरलं ते मी पोटभर पाहिलं. इतका आनंद मला पीक आल्यावरही झाला नव्हता.

साळा शब्दाचा पक्का निघाला. पुढच्या अखाजीला आला नाही. बायकोनं पेटी भरून दाराशी ठेवली होती. एसटीचा आवाज आला की उठायची. मुराळी आल्याशिवाय अखाजीला लेक माहेरी जात नसे. मी एक निरोप धाडला असता तर तो धावत आला असता. नाही धाडला. त्याला तिकडं किती झोंबत असेल याचाच हिशेब करत होतो.

पुढच्याच महिन्यात सासू गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकून लोक नदीवरून परतले होते. साळ्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात ठेवलं. आत कोणी बायकोला सांगत होतं, अखाजी सरली तरी म्हातारीनं झोका सोडू दिला नाही, लेक येईल म्हणाली.

नंतर साळा न्यायला यायचा तरी बायको गेली नाही. "राहू दे यंदा," एवढंच म्हणायची. दोष देईल म्हणून मी वाट पाहिली. तिनं दिला नाही.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज उशाशी बसायचो. वाक्य तयार असायचं. तिनं डोळे उघडले की मी विचारायचो, "पाणी देऊ?" ती मान हलवायची. वाक्य एवढंच होतं: तुझं माहेर माझं नव्हतं, ते मी चटईवर ठेवलं, मला माफ कर.