हरिपूरची हळद आणि आबांचा संशय

मी लिहावं असं माझ्याकडे फार नाही. घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलंमाकलं वाचकांनी पदरात घ्यावं.

वैशाखात बर्फाचा डबा मांडीवर घेऊन साताऱ्याहून सांगलीच्या एसटीत बसलो. वाईजवळच्या आमच्या शेतातली जुनी हळद महापुराच्या साली कुजून गेली. दारात एकच रोगट रोप उरलंय. तिचं बेणं (लावणीचे कंद) आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तरुणपणी हरिपूरच्या आपल्या दोस्ताला, रहीमचाचांना, दिलं होतं. महापुरानंतर चाचा म्हणाले, "तुमचं बेणं वाचवलंय, घेऊन जावा." आबा म्हणाले, "बाजारातलं आणून माझं म्हणून सांगतोय." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. खरं काय ते आता आमच्या कॉलेजातल्या मॅडम यंत्रावर हळदीचा डीएनए वाचून सांगणार होत्या. लहानपणी चाचा मला खांद्यावर घ्यायचे. त्यांच्या सदऱ्याचा हळदीचा वास अजून आठवतो.

कराडपाशी डब्यातलं पाणी शेजारच्या सुट्टीवरच्या फौजीच्या पँटवर सांडलं.

"मासं हाईत का रं?"

"न्हाई, हळद आणायची हाय."

"हळदीला बर्फ? कुणाचं लगीन हाय गड्या!"

हरिपूरला चाचीनं चहाबरोबर शिजवून वाळवलेल्या हळदीची पिशवी पुढे ठेवली.

"चाची, कच्ची पायजे. शिजवली की डीएनए तुटतो."

"पाव्हण्याला कच्ची दिऊन धाडू? तुजी आई काय म्हणंल!"

चाचांनी विचारलं, "यंत्र वळखणार कसं?"

मी अडखळत सांगितलं. डीएनएच्या धाग्यावर जोडीचं अक्षर बसलं की हायड्रोजनचा कण सुटतो, पाणी किंचित आंबट होतं आणि तेवढ्यानंच खालच्या चिपमधली वीज हलते. चार अक्षरं पाळीपाळीनं सोडायची. ज्याला वीज हलली, ते लिहायचं. दारातल्या रोपाचं पान मॅडमनी आधीच असं वाचून ठेवलं होतं.

"चुन्यानं हळद लाल हुती, तसंच की," चाची म्हणाली.

"तसंच. फक्त रंगाऐवजी वीज."

चाचांनी कोंब फुटलेला गड्डा डब्यात ठेवला. "न्हाई जुळलं तरी सांग. लपवू नगंस."

परतताना खिडकीतून कृष्णा दिसत राहिली. वाईच्या घाटावरचंच पाणी हरिपूरला पोचतं. ते कधी थांबलं नव्हतं. थांबली होती ती माणसं.

काल मॅडमचा फोन आला. दोन्ही वाचनं जुळली होती. आबा अंगणात शेंगा फोडत होते. ऐकून त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "रहीमला फोन लाव. म्हणावं, बेणं घिऊन तूच ये. लावणी तुज्या हातनं करायची हाय."